दोन तुकड्यांची पांढरी गाडी

ती पांढरी सेडान मी कधी चालवली नाही, पण नोकरीतली एकच गाडी आठवायला सांगितली तर तीच डोळ्यांपुढे येते. तेव्हा मी जयपूरला सोडाला नावाच्या भागातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. वडील विमा खात्यातल्या नोकरीत बदली होऊन इथे आले आणि इथलेच झाले, त्यामुळे घरी मराठी असली तरी तक्रारी ऐकायची सवय हिंदीतच.

मंगळवारी दुपारी एक बाई आल्या. पन्नाशीच्या, रेल्वेच्या गणवेशात, हातात लांब दांड्याची छोटी हातोडी. म्हणाल्या, "साहबजी, एक गाड़ी रुकवानी है।"

गाडी तुमची? नाही. तुम्ही घेणार होतात? आता नाही. मग तुमचं गेलं काय? काहीच नाही. दिवस वैतागाचा होता, माझा आवाज चढला. तेव्हा बाई स्वतःशीच पुटपुटल्या, "आता या माणसाले कसं समजावू, बाई!"

"समजावा, पण आधी बसा," मी मराठीत म्हणालो. त्यांनी जीभ चावली.

बाई मूळच्या वर्ध्याच्या. काम रेल्वेच्या डब्यांची चाकं नि सांगाडा ठोकून आवाजावरून दोष ओळखायचं. नवऱ्याच्या पाठीचं ऑपरेशन झालेलं, त्याला मागे ऐसपैस बसता यावं आणि डिकीत घडीची व्हीलचेअर मावावी म्हणून आपल्या ऐपतीतली जुनी सेडान शोधत होत्या. सकाळी कामावर जाण्याआधी जुन्या गाड्या विकणाऱ्या एका यार्डात ही पांढरी गाडी पाहिली. रंग चकाचक, एकाच मालकाने वापरलेली, फारशी न चाललेली. सगळं यार्डवाल्याच्या तोंडचं.

"मी पुढून ठोकत गेली साहेब. मागच्या दारापाशी आवाजच बदलला. ती गाडी एक नाही, दोन गाड्या जोडल्या आहेत. हायवेवर धक्का बसला तर मधातून फाटन."

बाई नको म्हणाल्या, आणि त्यांच्यासमोरच एका जोडप्याने ती घेतली. सोबत दोन लहान मुली. बाईंनी त्यांनाही सांगून पाहिलं, पण यार्डवाला हसत म्हणाला, "इनको मिली नहीं ना, इसलिए जल रही हैं।" जोडप्याला ते पटलं. उद्या उदयपूरला निघणार, एवढं बाईंच्या कानावर पडलं होतं. गाडीचा नंबर त्यांना पाठ होता.

नंबरावरून जुना मालक निघाला, तोही परजिल्ह्यातला, फोन बंद. यार्डवाल्याला बोलावलं. माझा अनुभव असा, की खोटं बोलणारा प्रश्न संपायच्या आत उत्तर देतो. "अपघात..." एवढंच म्हटलं तर म्हणे, "एक खरोंच नहीं, साहब!" ग्राहकाचा फोन? लिहून घेतला नाही. पत्ता? एजंटकडे. एजंट? गावी गेलाय. तासभर घासलं, पठ्ठ्या हलला नाही. आणि इकडे मला त्या दोन मुली दिसू लागल्या, ज्यांना मी पाहिलंही नव्हतं. शहराबाहेर जाणारे रस्ते किती, हाताशी माणसं किती, कुठे कुठे उभा राहणार?

शेवटी रोजनामचा, म्हणजे ठाण्याची दैनंदिनी, लिहायला घेतला. तारखेपुढे मंगळवार लिहिलं आणि पेन थांबलं. उद्या बुधवार, इकडे गणपतीचा वार! अरे, जयपूरचा माणूस गाडी घेतो, मग ती नवी असो की जुनी, आणि मोती डुंगरीच्या गणेशासमोर नेल्याशिवाय लांबच्या प्रवासाला काढतो होय? माझी पहिली स्कूटरही बुधवारीच तिथे गेली होती. मी बाईंना म्हणालो, "सकाळी सुट्टी काढा. हातोडी आणा."

सकाळी मंदिराबाहेर गाड्यांची ही रांग! झेंडूचे हार, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक. पांढरी सेडान सापडली तेव्हा चाकांखाली लिंबं ठेवून झाली होती आणि मागच्या सीटवर वेण्या घातलेल्या दोन मुली खिडकीतून हात बाहेर काढून हसत होत्या. बाप भडकला. "गणेशजी के सामने पुलिस! इन्हीं की लगाई आग है!" "बेटा, बच्चियों को उतार लो," बाई एवढंच म्हणाल्या आणि ठोकू लागल्या. टण्, टण्, टण्. मागच्या दाराशी आल्यावर ठप्प. मला कळलं, बापालाही कळलं. बाईंनी डिकीतली चटई उचलली. इकडून तिकडे वाकडातिकडा जोड गेलेला, वरून रंग फासलेला.

बाप तिथेच फुटपाथवर बसला. आई मुलींना घट्ट धरून बाईंच्या पायाशी वाकली. बाई मागे सरकल्या, गडबडीत मराठीतच म्हणाल्या, "अगं, मलेच अवघडल्यासारखं होते."

पंचनामा झाला, गाडी जप्त झाली. गॅरेजमध्ये उचलून खालून काढलेले फोटो समोर टाकल्यावर यार्डवाला दुपारपर्यंत बोलला. दोन अपघाती गाड्यांचे धड राहिलेले अर्धे भाग जोडून एक बनवली होती. जाताना बाई म्हणाल्या, "येतो साहेब, जय भीम," आणि तडक कामावर गेल्या. अशा माणसाला सलाम ठोकायला माझा हात आपोआप वर गेला.

तोवरच्या नोकरीत माझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: तुमचं काय गेलं? त्या दिवसानंतर मी तो बदलला. स्वतःचं काहीही गेलेलं नसताना जो ठाण्याची पायरी चढतो, त्याचं आधी ऐकायचं.

बाईंना पुढे त्यांची सेडान मिळाली. रंग उडालेली, दाराला पोचा, पण आवाज खणखणीत. निवृत्तीनंतर मलाही जुनी गाडी घ्यायची होती, तर मी सरळ त्यांनाच वैशाली नगरच्या एका यार्डात नेलं. त्यांनी माझी गाडी पुढून मागे ठोकली, थंड इंजिन सुरू करून ऐकलं आणि मान डोलावली. मी किल्ली घेतली. मागे वळून पाहतो तर बाई शेजारची गाडी ठोकत होत्या.

"अहो, ती आपल्याला घ्यायची नाहीये," मी म्हणालो.

"कोणीतरी घेईनच न साहेब," त्या म्हणाल्या, आणि कान लावून पुढच्या दाराकडे सरकल्या.