गॉजची गुंडाळी

दर सहा महिन्यांनी मी औषधांचा डबा उपसते आणि मुदत संपलेलं सगळं काढून टाकते. आज गॉजची एक गुंडाळी कमी निघाली, आणि माझी नजर आधी भांडी घासणाऱ्या मावशींकडे गेली. त्यांना विचारणार, एवढ्यात आयोडीनचा उग्र वास नाकात शिरला आणि मी थेट भातकुलीला, सासरच्या ओसरीवर पोचले.

लग्नानंतरचं ते पहिलं वर्ष. बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात मी कापूस, गॉज, आयोडीन भरून ठेवलं, तर सासूबाई म्हणाल्या, "घरात कापसाची गंजी अन् हे कापूस इकत आणून राहिली!" पण आठवड्याभरात गॉज गायब व्हायचं. माझा संशय सीताबाईवर होता. ती आमच्याकडे कापूस वेचायला यायची आणि पाणी प्यायला ओसरीपर्यंत यायची. एका दुपारी डबा हातात घेऊनच मी तिला अडवलं.

"यातली पट्टी तू नेतेस का?"

तिने दोन्ही हात पुढे केले. बोंडांच्या टोकांनी बोटं फाटली होती, रक्त सुकून काळं पडलं होतं, आणि एकाही बोटाला साधी चिंधी नव्हती.

आतून सासूबाईंचा आवाज आला, "तिले काहून इचारतं? मीच नेली, तूप गाळाले."

सुटका झाल्यासारखी मी हसले. सीताबाई पाणी पिऊन वावरात परत गेली. डबा माझ्या हातातच होता, आणि तो उघडायचं मला सुचलंसुद्धा नाही.