लिओनिलाचा नंबर

वायपाहूच्या जुन्या साखर कारखान्याचं धुराडं अजून उभं आहे. त्याच्या पायथ्याशी, समुद्रापलीकडून इथल्या मळ्यांत कामाला आलेल्या इलोकानो लोकांची घरं आहेत, त्यांतल्याच एका घरात पोलिकार्पो रागासा राहतो. वय एकोणसत्तर. एकोणिसाव्या वर्षी बापाच्या मागून बेटावर आला, सहा वर्षं कुनियाच्या अननसाच्या मळ्यात वाकला आणि मग वायकीकीच्या एका हॉटेलात माळी म्हणून लागला तो पेन्शन होईपर्यंत. पाहुण्यांच्या डोक्यात पडू नयेत म्हणून झाडांवर चढून नारळ उतरवायचे, हे त्याचं मुख्य काम. त्या कामात बोलायची गरज नसते. पोलिकार्पोला ते काम फार मानवलं.

माणूस वाईट नव्हता. पण जी गोष्ट सांगायला जड जाईल ती तो सांगतच नसे. आज नको, उद्या सांगू. उद्या आला की परवा. त्याची बायको लिओनिला आजारी पडली तेव्हा डॉक्टरांनी कॅन्सरचं त्याला आधी सांगितलं. त्याने ते आठ दिवस पोटात ठेवलं. मुलांना कळलं तेव्हा तीन आठवडे उरले होते. मोठी मुलगी शार्मेन लास वेगासला नर्स आहे. ती विमानतळावरून थेट हॉस्पिटलात आली आणि आईच्या खाटेशेजारी उभी राहून बापाला म्हणाली, "टाटांग, मी दिवसभर परक्यांच्या आयांची काळजी घेते. आणि माझ्या आईचं मला चर्चमधल्या बाईकडून कळावं?"

पोलिकार्पो खिडकीबाहेर बघत राहिला.

लिओनिला गेली त्याला आता तीन वर्षं झाली होती. घरच्या मोबाइलचा फॅमिली प्लॅन तिनेच घेतलेला, शार्मेन शाळेत असताना. खातं पोलिकार्पोच्या नावावर आणि लाइनी चार: तो, लिओनिला, शार्मेन आणि धाकटा डॅरेल. मुलं मोठी झाली, आपापल्या घरी गेली, पण प्लॅनमधून कुणी बाहेर पडलं नाही. शार्मेन वर्षातून दोनदा फोन करायची, नाताळला आणि त्याच्या वाढदिवसाला. डॅरेल इथेच, एवा बीचला राहायचा, तरी महिना महिना फिरकायचा नाही. एका छताखालचे असे ते आता फक्त त्या प्लॅनमध्येच राहिले होते. लिओनिलाची लाइनही तशीच चालू होती. बंद करायची तर दुकानात जाऊन कुणाला तरी सांगावं लागणार होतं, की ही बाई आता नाही. ते राहून गेलं.

वर्षश्राद्धाची मिस्सा मूळ गावच्या चर्चमध्ये करावी म्हणून तो समुद्रापलीकडे बाकाराला गेला होता, तिथे त्याला होविता भेटली. पन्नाशीची, शिवणकाम करणारी. आईबापांचं म्हातारपण काढता काढता लग्नाचं वय निघून गेलेली. पुढच्या जानेवारीत तो परत गेला आणि दोघांनी लग्न केलं. तिचे इकडे यायचे कागद व्हायला दीड वर्ष लागलं. त्या दीड वर्षात मुलांना सांगायला त्याला एकही दिवस सापडला नाही.

होविता आली. डॅरेल एकदा घरी आला. दारात बायकी चपला, दोरीवर दोन टॉवेल. त्याने ते पाहिलं, ताटातलं जेवला, "जेवण छान होतं, आँटी," म्हणाला आणि गेला. बापाला काही विचारलं नाही की बहिणीला काही सांगितलं नाही. तोही बापाचाच मुलगा.

"मुलांना माझं ठाऊक आहे ना, मानोंग?" होविताने विचारलं होतं. वयाने मोठ्या माणसाला तिकडे मानाने मानोंग म्हणतात.

"आहे, आहे. कामात असतात ती."

तिला बाकाराला बहिणीशी बोलायला फोन हवा होता. बटणांचा नको, तोंड दिसतं तसला. एका मंगळवारी पोलिकार्पो तिला घेऊन दुकानात गेला. काउंटरवरची मुलगी पोरसवदा, पण हुशार. तिने पडद्यावर खातं उघडलं आणि म्हणाली, "अंकल, पाचवी लाइन घेतली तर फोन विकत घ्यावा लागेल. पण तुमच्या जुन्या लाइनीवर नवा स्मार्टफोन फुकट मिळतोय. ही एक लाइन बघा, तीन वर्षं कुणी वापरलीच नाही. आँटींना हीच देऊ या का?"

पोलिकार्पोने होविताकडे पाहिलं. ती काचेतले फोन बघत होती.

"नंबर बदलून देऊ की हाच ठेवू?" मुलीने विचारलं.

आता इथे त्याच्या मनात काय आलं ते त्याचं त्यालाच माहीत. पुढे तो म्हणायचा, की दवाखान्यात, औषधांच्या दुकानात, पेन्शनच्या कागदांवर, सगळीकडे बायकोचा म्हणून तोच नंबर होता. सत्तरीला टेकल्यावर नवीन नंबर कुठे पाठ करणार? तेही खरंच. पण 'बदला' म्हटलं असतं तर 'का' हे होविताला सांगावं लागलं असतं, हेही तितकंच खरं.

"राहू दे," तो म्हणाला.

होविताने लाल कव्हर निवडलं. बसमध्ये फोन मांडीवर घेऊन बसली, जणू कुणाचं तान्हं मूल.

रविवारी मिस्सेहून आल्यावर तो मागच्या अंगणात शेवग्याचा पाला काढत होता. होविता स्वयंपाकघरात होती. फ्रिजवर एक कागद चिकटवलेला होता आणि त्यावर दोन्ही मुलांचे नंबर. तिने मनाशी ठरवलं, आपण मोठ्या घरात आलोय, पहिला फोन आपणच करायचा. दोन दिवस ती मनातल्या मनात वाक्यं घोकत होती.

दहा मिनिटांनी ती अनवाणीच धावत अंगणात आली. हातात फोन, डोळे भरलेले.

"मानोंग! मी शार्मेनला फोन केला!"

पोलिकार्पोच्या हातातली फांदी तशीच राहिली.

"आणि ऐका तर! मी 'हॅलो' म्हणायच्या आतच ती म्हणाली, 'नानांग?' मला! आपण होऊन आई म्हणाली हो! मी म्हटलं, हो गं बाळ, मी नानांगच. कशी आहेस? जेवलीस का? तर पोरगी रडायलाच लागली. मग फोन कट झाला. मला वाटतं, तिलाही भरून आलं असेल. तुम्ही म्हणत होता रागीट आहे. कसली रागीट? लोण्यासारखी आहे."

पोलिकार्पोला सगळं दिसलं. वेगासला मुलीच्या हातात फोन वाजला असणार, पडद्यावर 'नानांग' हे नाव आणि लिओनिलाचा चर्चच्या कपड्यांतला तो फोटो. आणि पलीकडून आवाज आला असणार, हो गं बाळ.

त्या क्षणी तोंड उघडलं असतं तर कदाचित काही वाचलं असतं. होविता समोर उभी होती. तिच्या तोंडावर असा आनंद त्याने लग्नाच्या दिवशीसुद्धा पाहिला नव्हता.

"बरं झालं," तो म्हणाला, आणि पुन्हा पाला ओरबाडू लागला.

पाचच मिनिटांत त्याचा फोन वाजला. तो कुंपणापाशी गेला.

"कोण होती ती?" शार्मेनचा आवाज ताणलेला होता.

"होविता."

"होविता कोण?"

"गावाकडची."

"टाटांग, मी इथे औषधांच्या खोलीत दार लावून उभी आहे. माझ्या मेलेल्या आईच्या फोनवरून एक बाई मला बाळ म्हणाली. मला नीट सांगा, कोण आहे ती?"

"माझी बायको."

मग ती विचारू लागली. कधी? दीड वर्षापूर्वी? डॅरेलला माहीत होतं? प्रत्येक उत्तर तिला ओढून काढावं लागलं.

"लग्न करायला तुम्हाला कोण अडवत होतं?" ती शेवटी म्हणाली. "एकटे होतात, केलंत. मी चार दिवस रडले असते, पाचव्या दिवशी तिला साडेतीन हजार प्रश्न विचारले असते आणि नाताळला दोघांना इकडे बोलावलं असतं. पण तुम्ही आईचा नंबर काढून दिलात? आईचे कपडे तरी विचारून वाटलेत का हो, की तेही त्या बाईच्याच अंगावर आहेत?"

"दुकानातली मुलगी म्हणाली..."

"दुकानातली मुलगी माझ्या आईला ओळखत नव्हती. तुम्ही ओळखत होतात."

तिने सांगितलं, तो नंबर मला द्या. मी माझ्या खात्यात घेते. दुसऱ्या कुणाच्या हातात तो मला नको.

पोलिकार्पोला वाटलं, एवढ्यावर मिटतंय तर मिटू दे. बुधवारी तो एकटाच दुकानात गेला आणि होविताच्या फोनला दुसरा नंबर घेतला. नंबर दुसऱ्या खात्यात न्यायचा तर मूळ खातेदाराच्या फोनवर सहा आकडे येतात आणि ते त्याने समोरच्याला सांगायचे असतात. त्याने बाहेर गाडीतळावर उभं राहून मुलीला फोन लावला आणि एकेक आकडा वाचला. तिने एकेक परत म्हणून दाखवला. 'चार.' 'चार.' 'शून्य.' 'शून्य.' बाप आणि लेक इतक्या शांतपणे कित्येक वर्षांत बोलले नव्हते.

आकडे संपल्यावर ती म्हणाली, "आता माझ्या नंबरचेही द्या."

"तुझे कशाला? तुझी लाइन आहे ना इथे."

"म्हणूनच. मला तुमच्या घरातून जायचंय, टाटांग. वाचा."

त्याने वाचले.

दोन आठवड्यांनी डॅरेल आला. दारातच उभा राहिला, चपला काढल्या नाहीत. म्हणाला, "शार्मेन नवा प्लॅन घेतेय, मला त्यात घेतेय. मुलांचे फोनही त्यातच." त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसता कंटाळा होता. बापाने आकडे वाचले, त्याने फोनमध्ये टाकले. होविता आतून म्हणाली, "जेवून जा रे." तो नको म्हणाला. मग तिला बघून त्याला काय वाटलं कोण जाणे, पण आयुष्यात पहिल्यांदा त्याने एक गोष्ट सांगून टाकली.

"आँटी, तुमचं चुकलेलं नाही. पण तो माझ्या आईचा नंबर होता. म्हणून शार्मेन नानांग म्हणाली. तुम्हाला नाही."

होविताचा नंबर का बदलला, हे तिला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. 'कंपनीची काहीतरी भानगड' असं पोलिकार्पोने तिला सांगितलं होतं आणि तिने ते मानलं होतं. डॅरेलची गाडी जाईपर्यंत ती दारात उभी होती. मग आत आली, गॅस बंद केला आणि त्याच्यासमोर बसली.

"मी तिला 'मी नानांगच' म्हणाले," ती म्हणाली. "मेलेल्या बाईच्या फोनवरून. तिच्या लेकीला. आणि नाचत तुम्हाला सांगायला आले. तेव्हा तुम्ही काय म्हणालात, आठवतं?"

त्याने टेबलावरचा चमचा उचलून सरळ ठेवला.

"बरं झालं, म्हणालात."

"तुला वाईट वाटेल म्हणून."

"मला नाही. वाईट तुम्हाला वाटतं, म्हणून तुम्ही बोलत नाही. आणि त्याचं बिल दुसऱ्यांनी भरायचं." डोळे पुसत बसणारी ती बाई नव्हती. उठली, हात धुतले आणि म्हणाली, "पोरांना माझं ठाऊक आहे, हेही तसलंच का?"

तो उठून मागचं दार लावायला गेला. तिला उत्तर मिळालं.

तिने घर सोडलं नाही. जाणार कुठे? पण महिन्याभरात शेजारणीच्या ओळखीने तिने विमानतळाजवळच्या एका लाँड्रीत काम धरलं. पहिल्या पगारातून स्वतःचा फोन घेतला, स्वतःच्या नावावर, एकटीचा. लाल कव्हरवाला टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "हा तुमच्या प्लॅनमधला. परत करा." पोलिकार्पो दुकानात गेला. मुलीने पडदा पाहिला आणि म्हणाली, "अंकल, आता एकच लाइन राहिली. एका माणसाला फॅमिली प्लॅन चालत नाही. साधा देते, चालेल?" तो चालेल म्हणाला.

आता घरात दोघं असतात. ती पहाटे कामाला जाते, दुपारी येते, रांधते, त्याची औषधं काढून ठेवते. मानोंग म्हणते, आवाज चढवत नाही. बहिणीशी बोलायचं असलं की फोन घेऊन बाहेर पायरीवर जाऊन बसते, आणि तिथून तिचं हसणं आत ऐकू येतं. तो दारापाशी आला की हसणं थांबतं.

मे महिन्यात शार्मेनच्या मुलीचा पदवीदान समारंभ झाला. डॅरेल बायकामुलांना घेऊन वेगासला गेला. पोलिकार्पोला ते चर्चबाहेर एका म्हाताऱ्याने फोनवर फोटो दाखवले तेव्हा कळलं. नात झगा घालून उभी, गळ्यात इथूनच विमानाने नेलेले हार, इतके की हनुवटी बुडालेली. "तू नाही गेलास, कार्पो?" म्हातारा म्हणाला. "गुडघे," पोलिकार्पो म्हणाला.

घरी येऊन तो जेवायला बसला. होविताने पिनाकबेत वाढलं, परसातलीच कारली आणि वांगी घातलेलं. त्याने चार घास खाल्ले आणि मग, न विचारता, आपण होऊन सांगितलं, "नातीचा समारंभ झाला. मला कुणी कळवलंसुद्धा नाही."

होविताने भात त्याच्याकडे सरकवला.

"कशाला कळवतील?" ती म्हणाली. "न सांगणं या घरात कुणी कुणाला शिकवलं?"

ती हे रागाने म्हणाली असती तर त्याला बरं वाटलं असतं. मग तिने विचारलं, "कारलं कडू राहिलंय का? मीठ चोळायला आज वेळ झाला नाही."

"नाही," तो म्हणाला. "ठीक आहे."

राहिलं होतं. त्याने ताट संपवलं.