बिजली पुलाच्या तोंडाशी बसली

माझी बदली नाशिकजवळच्या एका लहान डॉग युनिटात झाली तेव्हा मी हवालदार होतो. काम पिल्लांचं. स्फोटकं हुंगणारी कुत्री आम्ही पिल्लापासून घडवायचो. लोकांना वाटतं, नाक महत्त्वाचं. नाक देवानंच दिलेलं असतं. शिकवायचं असतं ते न घाबरणं, आणि त्याला वयाचे पहिले तीन-साडेतीन महिनेच मिळतात.

०६०० ला पिल्लं बाहेर. चिखल, वाळू, पायाखाली वाजणारा पत्रा, जनरेटर, एकदम छत्री उघडणारा माणूस. दर गुरुवारी पिल्लं कडेवर घेऊन भाजीबाजारात. माझी वहिनी तिथं मेथी विकायची. फौजेत जाऊन भाऊजी पोरं सांभाळायला लागले, असं ती चारचौघांत म्हणायची.

बिजली नावाचं लॅब्रडॉर पिल्लू लान्स नाईक सुनीलकडे होतं. तो इगतपुरीचा. बिजली आठ आठवड्यांची असताना इन्स्पेक्शनची ऑर्डर आली. दगडांनासुद्धा चुना लागला. पिल्लं मळू नयेत म्हणून त्यांचं बाहेर जाणं बंद. रोज ब्रश, आणि परत आत.

सुनील माझ्याकडे आला. "उस्ताद, पत्र्यावर चालवायचे हेच दिवस आहेत. पुन्हा येणार नाहीत."

"ऑर्डर आहे," मी म्हणालो.

त्याचं बरोबर होतं, हे मला ठाऊक होतं. पण प्रमोशनची यादी लागायची होती आणि वर तोंड उघडायची माझी छाती झाली नाही. इन्स्पेक्शन दोनदा पुढे ढकललं, त्यात पाच आठवडे गेले. शेवटी मोठे साहेब आले, सात मिनिटं थांबले, पिल्लं गुबगुबीत आहेत म्हणाले आणि चहाला गेले.

पुढे बिजलीचं नाक बॅचमध्ये अव्वल निघालं. पण पायाखाली लोखंड आलं की ती मटकन बसायची. स्फोटक सापडल्यावरही आमची कुत्री बसतातच, तीच त्यांची खूण. सुनील पुढे जाऊन हाक मारायचा, मग ती उठून यायची. आम्ही ते हसण्यावारी नेलं. मी तिला फिट लिहून दिलं.

दोन वर्षांनी आम्ही तिघंही सीमेवर होतो. सकाळी गाड्यांचा कॉन्व्हॉय येण्याआधी रस्ता तपासायचा. वाटेत ओढ्यावर लोखंडी पूल. मी रेडिओवर होतो. ०६४० ला सुनील बोलला.

"बिजली पुलाच्या तोंडाशी बसली. ओव्हर."

"पत्र्याला घाबरली का? ओव्हर."

"तसंच वाटतंय, उस्ताद. नक्की सांगता येत नाही. ओव्हर."

"कॉन्व्हॉय वीस मिनिटांवर आहे. नेहमीसारखा पुढे हो आणि बोलाव तिला. ओव्हर."

०६४३ ला स्फोट झाला. सुरुंग पुलाच्या पहिल्याच पत्र्याखाली होता. बिजली जागेवरून हलली नव्हती, म्हणून वाचली. त्या दिवशी ती घाबरून बसलीच नव्हती. श्रद्धांजलीच्या भाषणात साहेब नशीब म्हणाले. त्या शब्दाची मला आजही चीड येते.

आता मी निवृत्त होऊन नाशिकला गंगापूर रोडला राहतो. तिथले लोक महागडी पिल्लं घेऊन येतात, सोफ्याखाली लपतं म्हणतात. मी विचारतो, पहिले तीन महिने कुठं ठेवलं होतं? घरातच, जपून, म्हणतात.

सुनील सव्वीस वर्षांचा होता. त्याच्या आईनं पहिल्याच भेटीत विचारलं, "भाऊ, त्या कुत्रीला कळलं नाय का?"

"कळलं होतं, मावशी. तिनं सांगितलंही होतं. मीच त्याला पुढे हो म्हणालो."

दरवर्षी त्या तारखेला मी इगतपुरीला जातो. मावशी पाणी देतात, जेवायला वाढतात. फोटोला हार मात्र त्या मला घालू देत नाहीत.