गोड्या पाण्याचा कॅन

आमच्या घरात शिरले की ते दारात चप्पल काढायचे आणि सरळ जाऊन समोरची खिडकी उघडायचे. नमस्कार नाही, कसे आहात नाही. पडदा सारून हात बाहेर काढायचे, वाऱ्याचा अंदाज घ्यायचे आणि मग आमच्याकडे वळून म्हणायचे, "हवेला वाट द्या हो! आत आलेल्याला बाहेर जायला नको?" एवढं झालं की सोफ्यावर बसून चहाची वाट बघायचे.

सोसायटीत सगळे त्यांना कूलरकाका म्हणायचे. नाव होतं त्यांना, खाली पाटीवर लिहिलेलंही होतं, पण हाक मारायला ते कधी लागलं नाही. दिल्लीच्या द्वारका भागातल्या आमच्या सोसायटीत दहाबारा मराठी घरं, बहुतेक सगळी केंद्र सरकारच्या नोकरीतली. काका चौथ्या मजल्यावर, आम्ही त्याच जिन्याला दुसऱ्या मजल्यावर. मूळचे अकोल्याचे. नोकरीसाठी विशीत दिल्लीला आले आणि इथेच निवृत्त झाले. मुलगा पुण्यात, इथे ते आणि काकू दोघंच.

असा एक माणूस तुमच्याही इमारतीत असेल. कुणाला पंप लावून हवा, कुणाची मोटर गुरगुरतेय, कुणाच्या टाकीला भोक पडलंय, हाक मारायचा अवकाश की हजर. मार्च संपता संपता काका पहाडगंजला जाऊन वाळ्याचा मोठा भारा घेऊन यायचे, आणि मग आठवडाभर पक्कड घेऊन घरोघर हिंडायचे. बाजारात कूलरच्या जाळीत भरायला लाकडाचा भुसा मिळतो, त्याचा त्यांना भयंकर राग. "भुसा भरलेला कूलर म्हणजे कूलर नाही, गोठा आहे गोठा," म्हणायचे. माझी मुलगी दिल्लीत वाढलेली, ती वाळ्याला खस म्हणायची. काका हातातली पक्कड खाली ठेवायचे. "वाळा म्हण. नाहीतर मी चाललो." ती हसत हसत वाळा म्हणायची, मग काम सुरू.

एकदा त्यांनी कुठूनसा फवारणीचा पंखा आणला. लग्नाच्या मांडवात असतात तसला, पाण्याचे बारीक तुषार उडवणारा. चैत्रगौरीचं हळदीकुंकू सोसायटीच्या बागेत होतं, ऊन मी म्हणत होतं, आणि काकांनी हौसेने तो पंखा बायकांच्या बरोबर समोर लावला. पाच मिनिटं स्वर्ग! सहाव्या मिनिटाला एकेकीचं कुंकू कपाळावरून नाकावर यायला लागलं. स्टार्चच्या साड्यांची पोतेरी झाली, आंब्याच्या डाळीला पाणी सुटलं. काकू ओरडल्या, "अहो, बंद करा ते मेलं!" तर हे दूर उभे राहून शांतपणे विचारतात, "पण गार वाटलं की नाही, ते सांगा." आम्ही हसून हसून बेजार झालो होतो. मला ते माझ्या माहेरच्या माणसासारखे वाटायला लागले ते त्या दिवसापासून.

आणि एसी? एसीचं नाव काढलेलं त्यांना खपायचं नाही. "डबाबंद माणूस होऊ नका," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बंद खोलीत तीच तीच हवा ओढायची, सांधे धरून घ्यायचे, सर्दी घेऊन ऑफिसला जायचं, याला काय सुख म्हणतात बाप्पा? सगळी द्वारका एसीने घरघरत होती, पण आमच्या जिन्यातल्या चार मराठी घरांनी त्यांच्या शब्दाखातर एसी लावला नाही. माझा नवरा दर मे महिन्यात विषय काढायचा. मी दर मे महिन्यात काकांना खाली बोलवायची. काका खिडकी उघडायचे, चहा प्यायचे आणि नवऱ्याला गप्प करून जायचे. हे मी हसत सांगतेय खरी, पण ते गप्प करणं मला फार महागात पडलं.

तीन वर्षांपूर्वी माझी आई दिल्लीला आली. लग्न होऊन मी इकडे आल्याला सव्वीस वर्षं झाली होती आणि एवढ्या वर्षांत आई कधी आठ दिवसांच्या वर राहिली नव्हती. वडील गेल्यावर साताऱ्याला दादाकडे असायची. मी हट्टच धरला, की आता माझ्याकडे राहा. दादा म्हणाला, "अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तिला दिल्लीच्या उन्हाळ्यात घालतेस?" शेवटी आईनेच तोडगा काढला. "एक उन्हाळा काढून बघते. सोसला तर कायमची राहीन. नाही सोसला तर परत जाईन, मग दोघांनीही ओढाताण करायची नाही." आईचा शब्द म्हणजे शब्द, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मी काकांना सगळं सांगितलं. काका छाती काढून म्हणाले, "माधुरी, तुझ्या आईचा उन्हाळा माझ्याकडे लागला."

आणि लागलाच हो! आईच्या खोलीचा कूलर त्यांनी स्वतःसाठी बांधून घ्यावा तसा नवा केला. मे-जूनची कोरडी लू बाहेर भाजत होती आणि आईच्या खोलीत वाळ्याचा गार वास. आई दुपारी पांघरूण मागायची. रोज संध्याकाळी काका येऊन तिच्याशी गप्पा मारायचे, ती त्यांना भाऊ म्हणायची, साताऱ्याचे कंदी पेढे काढून ठेवायची. "भाऊ, तुमच्यामुळे राहिले बरं का मी इथे," असं तिने म्हटलं की काकांचे कान लाल व्हायचे. मी रात्री दादाला फोन करून ऐकवायची, "आई राहतेय बरं का." जिंकल्यासारखं वाटत होतं मला.

मग जुलै आला. दिल्लीचा जुलै ज्याने काढलाय त्याला सांगायला नको. पाऊस नाही, नुसता दमट उकाडा, इथले लोक त्याला उमस म्हणतात. कूलर चालू केला की भिंतींना पाणी सुटल्यासारखं वाटायचं, चादर ओली, पापड सादळलेले, आणि आई पलंगावर बसून तोंडाने श्वास घेतेय. जेवण तुटलं. नवरा म्हणाला, "बास झालं. उद्या आईंच्या खोलीत एसी लावतो."

मी चौथ्या मजल्यावर गेले. हॉलमध्ये नेहमीसारखा कूलर घोंघावत होता, आतल्या खोलीचं दार नेहमीसारखं लोटलेलं होतं. म्हटलं, "काका, खरं सांगा. आईचे हाल बघवत नाहीत. एसी घेऊ का?"

ते म्हणाले, "म्हातारं शरीर आहे, एसीत गारठेल. ही चिकचिक आपल्या खाऱ्या पाण्याची आहे. टँकरचं पाणी, सगळा क्षार. मी तिच्या कूलरला गोडं पाणी आणून देतो. पंधरा दिवस कळ काढ."

मी कळ काढली. म्हणजे मी कुठली, आईने काढली. दुसऱ्या दिवसापासून काका रोज सकाळी दहा लिटरचा पांढरा कॅन घेऊन खाली यायचे आणि स्वतः टाकीत ओतायचे. पाणी अगदी स्वच्छ, क्षाराचा कण नाही. मी विचारलं, कुठून आणता? म्हणाले, "आहे माझी एक सोय." आईचा जीव कासावीस व्हायचा, पण त्या कॅनकडे बघून ती म्हणायची, "या वयात ओझं उचलून आणतो गं बिचारा. आता तक्रार कशी करायची?" जसजशी हवा दमट होत गेली तसतसा कॅन जास्तच भरून येऊ लागला. पुढेपुढे तर दिवसाला दोन.

बाराव्या दिवशी दुपारी आई न्हाणीघराच्या दारात कोसळली. मी ऑफिसात होते, नवऱ्याने उचलून हॉस्पिटलात नेलं. तिथली डॉक्टर तरुण मुलगी होती. मी कूलरचं सांगितलं तर माझ्या तोंडाकडे बघतच राहिली. "इस उमस में कूलर? बंद कमरे में माताजी को भाप दे रहे थे आप लोग?" मी शिकलेली बाई, इतकी वर्षं दिल्लीत राहणारी, आणि एवढं मला कळू नये?

तिसऱ्या दिवशी दादा आला. भांडला नाही, त्याचंच जास्त लागलं. आई त्याच्याबरोबर साताऱ्याला जाताना म्हणाली, "तुझं काही चुकलं नाही गं. मला सोसलं नाही, एवढंच." मी आठवड्याच्या आत एसी लावला, फोन करून आईला सांगितलं. ती म्हणाली, "आता नको बाळा. ठरलं होतं ना आपलं?"

काकांचा एक कॅन आमच्याकडे राहिला होता. एका दुपारी तो परत द्यायला वर गेले. काका भाजी आणायला गेले होते. काकूंनी दार उघडलं, मला घामाने थबथबलेली बघून म्हणाल्या, "अगं, इथे कुठे उकाड्यात उभी राहतेस, आत ये," आणि आतल्या खोलीचं दार ढकललं.

अंगावर गार हवा आली. इतकी गार, की माझ्या हातावर काटा आला. पलंगाच्या वरती भिंतीवर एसी चालू होता. त्याची नळी मागच्या बाल्कनीत काढली होती आणि नळीच्या तोंडाशी तसाच एक पांढरा कॅन ठेवला होता. थेंब थेंब पाणी पडत होतं. एसीतून गळणारं पाणी गोडं असतं, हवेतलाच ओलावा तो, त्यात क्षार कुठून येणार? हवा जितकी दमट तितकं ते जास्त. काकू सांगत होत्या, "तो कॅन तिथेच ठेव नळीपाशी. चार वर्षं झाली बघ लावून. मला दमा ना, कूलर सोसत नाही. त्याचा बाहेरचा डबा मागे पाइपांच्या डक्टमध्ये बसवलाय, बाहेरून दिसत नाही. तुला माहीत नव्हतं? मला आपलं म्हणाले, बाहेर बोलू नकोस."

मी पलंगाच्या कडेला बसले. काकू चहा टाकायला गेल्या आणि तेवढ्यात काका आले. हातात भेंडीची पिशवी. मला तिथे बघितलं आणि दारातच थांबले.

"काकूंना दमा आहे, लावलात एसी, बरं केलंत," मी म्हटलं. "पण मी तुम्हाला येऊन विचारलं होतं काका. तुमच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं होतं."

"सांगणार होतो," ते म्हणाले. "रोज कॅन घेऊन खाली यायचो ते सांगायलाच यायचो."

"मग?"

"तुझी आई म्हणायची, भाऊ, तुमच्यामुळे राहिले. तोंड उघडायचं नाही माझं." मग पिशवी खाली ठेवून, माझ्याकडे न बघता, अगदी हळू म्हणाले, "आणि सगळ्यांनी एसी घेतले असते, तर एप्रिलमध्ये मला कोणी बोलावलं असतं, माधुरी?"

ती भेंडीची पिशवी उचलून त्यांच्या अंगावर फेकावी, असं मला वाटलं. त्यांचा एप्रिल राहावा म्हणून माझी आई गेली. काकूंचा चहा न घेता मी खाली आले. घरी येऊन रडले, आणि जास्त रडू कशाचं आलं सांगू? ते ओझं उचलून आणायचे ते खरंच आईच्या काळजीने आणायचे, हे मला तेव्हाही कळत होतं. नुसते खोटे असते तर एक शिवी देऊन मोकळी झाले असते.

जिन्यातल्या कुणाला मी बोलले नाही. पुढच्या एप्रिलमध्ये त्यांना आमच्या घरी बोलावलं नाही, एवढंच. आईलाही सांगितलं नाही. ती दर रविवारी फोनवर विचारायची, "भाऊ बरे आहेत ना? माझा नमस्कार सांग हो त्यांना." मी हो म्हणायची आणि सांगायची नाही. त्यानंतरच्या हिवाळ्यात, माघात, आई साताऱ्यालाच गेली. झोपेत. मी पोचेपर्यंत सगळं आटोपत आलं होतं. शेवटच्या फोनवरही तिने तेच सांगितलं होतं.

गेल्या वर्षी काका-काकू मुलाकडे पुण्याला कायमचे गेले. सामान खाली उतरत होतं आणि काका निरोप घ्यायला आमच्या दारात आले. वाळलेले दिसले. चप्पल काढली नाही, उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. "निघतो," म्हणाले.

मला तेव्हाही गप्प राहता आलं असतं. पण मी बोलले. "आईने तुम्हाला नमस्कार सांगितला होता. दर रविवारी सांगायची. मी तिला शेवटपर्यंत काही कळू दिलं नाही. ती तुम्हाला भला माणूसच समजून गेली."

त्यांचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येणार नाही. त्यांनी हात जोडले. माझ्याकडे बघून नाही, माझ्या खांद्यावरून आत, आईच्या खोलीकडे बघून. तसेच उभे राहिले, खालून ट्रकवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला तरी.

"बसा जरा," एवढं म्हणायला हवं होतं. मी नाही म्हटलं.