राहिलेला उत्तररंग

सतरंजीवर पाठ टेकते, तरी मांड्या अजून पेडल मारतायत. सकाळपासून छत्तीस किलोमीटर झालेत. बाहेर या खेड्यातल्या छोट्या देवळाच्या भिंतीला आमच्या बत्तीस सायकली टेकून ठेवल्या आहेत. देऊळ म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांचं, क्रूस असलेलं. सायकलींच्या मागं आमचा डिझेलचा टेम्पो उभा आहे. त्यात जनरेटर, कर्णा आणि पाण्याच्या प्लॅस्टिक पाऊचची सात पोती. टेम्पोवर फलक लावलाय : 'सृष्टी देवाची, राखण आपली. भव्य सायकल फेरी.' उद्या आम्ही कलेक्टर कचेरीवर पोचणार, वाढत्या उन्हाबद्दल निवेदन देणार. त्यात पहिलीच मागणी अशी की सरकारनं झाडं लावावीत. सरकारनं! मग कचेरीच्या दारात मी कीर्तन करणार.

आमच्या मंडळीचे सेक्रेटरी तोरणेसाहेब आत्ताच सांगून गेले.

"तबिथाबाई, उद्या पूर्वरंग झकास होऊ द्या. उत्तररंग नको."

ज्यांनी कीर्तन ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. पूर्वरंगात वचन समजावून द्यायचं असतं. उत्तररंगात त्याच वचनाची गोष्ट लावायची, माणसांच्या नावागावासकट. पूर्वरंगानं कुणी दुखावत नाही. सावली ही देवाची देणगी, असं म्हटलं की कलेक्टरही मान डोलावतील.

"माझा उत्तररंग हनोखबुवांचा आहे," मी म्हणाले.

"म्हणूनच नको. बुवांची आठवण काढा, डोळ्यांत पाणी आणा. पण आपली शेड, ती झाडं, तो विषय नको. अहो, सगळं जग तापलंय. आपण जगाबद्दल बोलू."

गेले ते. मी टाळ रुमालात गुंडाळून बाकाखाली, गार फरशीवर ठेवले. खिडकीवरच्या गोणपाटातून ऊन गाळून येतंय. प्रभू, मला राग गिळायला शिकव, एवढं म्हणते. नाही, मोठी प्रार्थना आज सुचत नाही. पापण्या जड होतात.

सायकलची घंटी वाजते. एकदा. पुन्हा एकदा.

"तबिथा, ऊठ. किती लोळशील?"

हनोखबुवा मकासरे, आमचे कीर्तनकार. जाऊन वर्ष झालं. पांढरं धोतर, गळ्यात तेच निळ्या काठाचं उपरणं. एकोणीस वर्षं मी यांच्या मागं उभी राहून टाळ वाजवले, धृपद धरलं.

"सलाम, बुवा."

"सलाम. चल, मला डबलसीट घे."

मी सायकल चालवतेय आणि बुवा कॅरिअरवर बसलेत. त्यांचं वजनच लागत नाही. रस्त्याला दोन्ही बाजूंनी कुणी नाही, फक्त डांबराचा वास. पुढं एकतीस सायकली चालल्यात आणि प्रत्येकाच्या पाठीवर बुवा आहेत, टी-शर्टवर छापलेले.

"हा फोटो कुणी निवडला गं?"

"कमिटीनं."

"माझ्या लेकीच्या, सुनंदाच्या लग्नातला आहे. तोंडात लाडू आहे माझ्या. जगाचं तापमान वाढलं म्हणून एवढा गाल फुगलाय असं वाटेल लोकांना."

मला हसू येतं. बुवांच्या कीर्तनात असंच व्हायचं, आधी हसवायचे आणि मग धरायचे.

"खाली काय लिहिलंय? वाच."

"'प्रभूच्या ठायी निद्रिस्त.'"

"झोपलो होय मी? आणि मृत्यूच्या दाखल्यावर?"

"हृदयक्रिया बंद पडून."

"सगळ्यांचीच बंद पडते, तबिथा. कशानं ते लिहायला डॉक्टरची शाई संपली होती काय?" मागचं चाक एकदम जड होतं. "त्या दिवशी पाळकसाहेबांनी सांगितलं, बुवांना प्रभूनं बोलावलं. दुपारी अडीच वाजता, पत्र्याखाली? एवढी घाई प्रभूला कधीपासून झाली?"

रस्ता वळतो तो माझ्या ओट्यापाशी. सायकल गॅसच्या शेगडीला टेकली आहे. बुवा पाटावर बसलेत.

"पाणी दे."

माठ उचलते, तर तो सुकलेला, आत कोळ्याचं जाळं. फडताळ उघडते, सगळ्या फळ्यांवर पाण्याचे पाऊच. एक देते. बुवा दातानं कोपरा फाडतात. आतून पाणी येत नाही, नुसती गरम हवा येते, भट्टीचं दार उघडल्यासारखी.

"दुसरं देते."

"नको. बाहेर चल."

स्वयंपाकघराचं मागचं दार आमच्या देवळाच्या आवारात उघडतं. मला ठाऊक होतं, इथंच यायचंय. सगळीकडं सिमेंटचे ठोकळे बसवलेले, त्यावर पांढऱ्या पट्ट्या, गाड्या लावायच्या. वर पत्र्याची शेड. चार ठिकाणी ठोकळे वर आलेत, आणि मधून हिरवे कोंब डोकावतायत.

"इथं चार कडुलिंब होते," बुवा म्हणतात. "माझ्या बापानं लावलेले. कुणी तोडले?"

"कमिटीनं."

"कमिटीला हात असतात का गं? नावं सांग."

एका ठोकळ्याखालून ते कागद ओढतात. ठराव आहे. सहा सह्या. पहिली तोरणेसाहेबांची. तिसरी ओळखीची, वळणदार, शाळेत असताना बक्षीस मिळालेल्या अक्षरातली. तबिथा उबाळे, अध्यक्षा, महिला मंडळ.

"लिंबोळ्या पडायच्या," मी म्हणते. "रविवारच्या साड्यांना डाग लागायचे. कावळे वरून घाण करायचे. लग्नाच्या गाड्यांना जागा नव्हती."

ऐकताना माझंच तोंड कडू होतं. साड्या! आठवड्यातून एकदा दोन तास नेसायच्या साड्या. त्यापायी साठ वर्षांची सावली आम्ही एका दुपारीत आडवी केली, आणि वर चहा प्यायलो. आता टी-शर्ट घालून सरकारला झाडं मागायला चाललोय.

"तोरणेसाहेब म्हणतात, जगाबद्दल बोलू."

"तोरण्याला म्हणावं, जगाच्या अंगणात झाडू कोण मारतं? आपल्या अंगणाचं बोल."

हार्मोनियमचा सूर लागतो. शेड माणसांनी भरलेली आहे. ईस्टरनंतरचा रविवार, दुपार. बुवा पुढं उभे, मी मागं, हातात टाळ. पूर्वरंग झालेला आहे, त्यांच्या गळ्यात हार पडलाय. उत्तररंगाची गोष्ट निम्म्यावर आलीय. पत्रा वर तडतडतोय.

"गाऊ तुझी थोरवी," बुवा म्हणतात.

आम्ही उचलतो. गाऊ तुझी थोरवी.

"गाऊ तुझी थोरवी."

पुन्हा तेच. पुढची ओळ येत नाही. तिसऱ्यांदा तेच. मंडळी खूश, टाळ्यांचा ठेका वाढतो. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या डोळे मिटून डोलतायत. चौथ्यांदा तेच. मला ठाऊक आहे आता काय होणार. थांबा म्हणून ओरडते, पण माझे हात थांबत नाहीत, ते टाळ वाजवतच राहतात.

बुवा मागं वळतात. भरल्या कीर्तनात लोकांकडं पाठ त्यांनी कधीच केली नव्हती.

"तू माझ्या मागं होतीस. बाकीच्यांना माझं तोंड दिसत होतं, तुला मान. मानेवरचा घाम दिसत होता?"

"दिसत होता. उपरणं भिजलं होतं."

"मग?"

"मग घाम आटला." हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. पाळकसाहेबांना नाही, प्रार्थनेतही नाही. "मान कोरडी पडली. लाल झाली."

"मग?"

"ऊन लागलं होतं तुम्हाला, आणि मला वाटलं, तुम्ही रंगात आलात. आणि बुवा रंगात आले की ठेका सोडायचा नाही, हे तुम्हीच शिकवलं होतंत."

रागावतील म्हणून मी मान खाली घालते. ते पुढं येतात आणि माझ्या डोक्यावर हात ठेवतात. हात तापलेला आहे.

"आणखी काय शिकवलं होतं? अर्धं कीर्तन ठेवून?"

"अर्धं कीर्तन ठेवून उठू नये."

"मी उठलो. इलाज नव्हता. पण तू उभी आहेस की."

"बुवा, उत्तररंग सांगितला तर त्यात माझंही नाव येईल."

"येऊ दे ना. तोरण्याचं नाव घेशील आणि स्वतःचं गाळशील, तर ते कीर्तन नाही, नळावरचं भांडण झालं."

"मंडळीतून काढतील मला."

"काढतील. मग बाहेर बस, कडुलिंबाखाली." कोंबांकडं बोट दाखवून ते हसतात, तोंडात लाडू असल्यासारखे. "वाढायला जरा वेळ लागेल, एवढंच."

मग हसू जातं. माझ्या हातातले टाळ ते काढून घेतात आणि शेडच्या पत्र्यावर भिरकावतात. खणखणाट होतो.

"माझ्या मागं वाजवलंस तेवढं पुरे. हवे असतील तर वर जा. मी ज्या पत्र्याखाली होतो, त्यावरचं ऊन बघ एकदा."

शिडी नाही, तरी मी वर आहे. पत्रा लांबच लांब पसरलाय, पांढरा, डोळे फुटतील असा. चपला चिकटतात. दूर मध्यावर टाळ पडलेत. एक उचलते आणि मूठ मिटते. कातडी चर्र होते, पण मूठ उघडता येत नाही.

"बाई! तबिथाबाई!"

दारात तोरणेसाहेब. "चार वाजले. सगळे सायकलींवर बसलेत, तुमचीच वाट बघतायत."

उठून बसते. गोणपाटातून आता तिरपं ऊन येतंय, माझ्यापासून लांब. बाकाखाली हात घालते. टाळ तिथंच आहेत, रुमालात, एका दोरीला बांधलेले दोन्ही. थंडगार. उचलायला जाते आणि कळ मस्तकात जाते.

उजव्या तळहातावर वाटोळा लाल चट्टा आहे. बरोबर टाळाएवढा. मध्ये दोरीच्या भोकाएवढा पांढरा ठिपका, तेवढाच काय तो न भाजलेला.

"तोरणेसाहेब, उद्या टाळ दुसऱ्या कुणाला तरी द्या."

"का? टाळाशिवाय कीर्तन करणार?"

"मी दोन्ही रंग करणार. पूर्वरंग आणि उत्तररंगही. सहा सह्या आहेत त्यात, एक माझी."

त्यांचा चेहरा आक्रसतो. मग त्यांची नजर माझ्या तळहातावर जाते.

"अरे देवा. भाजलं कुठं हो, बाई?"

"आपल्या शेडवर," मी म्हणते.