जयदेवचा खांब आणि गावाची भीती

भगवंताने खांबातून प्रकट व्हावे आणि भक्तांनी खो-खो हसावे, याहून मोठे दुःख सोंग सजवणाऱ्याला कोणते? कुळगावच्या जयदेवला ते सत्त्याऐंशी सालच्या नरसिंहजयंतीला भोगावे लागले. देवळाच्या अंगणात ढोल वाजला, पुठ्ठ्याचा खांब फाटला, लाल जीभ लोंबणारा नरसिंह बाहेर आला, आणि पोरांनी शिट्ट्या मारल्या. उत्सवसमितीचे प्रमुख विष्णुपंत म्हणाले, "जयदेव, पुढच्या वर्षीही लोक हसले तर सोंग बंद. कीर्तन झालं की व्हिडिओ लावू."

वडिलांनी आयुष्यभर सजवलेले ते सोंग आपल्या हातून मावळणार?

जयदेव अंबरनाथच्या कारखान्यात रंगारी होता. धोक्याच्या पाट्यांवर कवट्या रंगवणे हे त्याचे काम. आणि त्याच कवट्यांना पाठ टेकून कामगार निवांत डबा खात. ते पाहता पाहता एके दुपारी त्याच्या मनात लख्ख उजेड पडला. दात विचकून माणूस भीत नाही! मग तो भितो तरी कशाला?

बस्स, ध्यास लागला! भेटेल त्याला जयदेव विचारू लागला, "खरं सांगा, तुम्ही कशाला घाबरता?"

उल्हासनगरात आयाळीसाठी जरीचे कापड घ्यायला गेला, तिथे लेखराजशेठनी कानाशी येऊन सांगितले, "साईं, कबूतर! दुकान में घुस जाए, तो मैं बाहर. ऐसा एकदम से फडफड करता है ना!" नोकर हसले. शेठ मात्र वर, आढ्याकडे पाहत राहिले.

विष्णुपंत आधी उखडले. "मी? मी कशालाच घाबरत नाही." मग चष्मा पुसत हळूच म्हणाले, "कारखान्याचा भोंगा. वेळेवर वाजला तर काही नाही. अवेळी वाजला की मी आधी दार गाठतो."

एकदम! अवेळी! जयदेव आनंदाने नाचायचाच राहिला. भीतीला दात नसतात, नखे नसतात; वाट पाहणाऱ्या मनात ती आधीच येऊन बसलेली असते! त्याने मुखवट्याची जीभ कापली, ओठ मिटवले, डोळे तेवढे विशाल केले. ढोल बंद केला. आणि नरसिंह होणाऱ्या जनू पैलवानाला बजावले, "हिरण्यकशिपूनं लाथ मारली तरी हलायचं नाही. आत कुणी नाहीच, असं लोकांना वाटू दे. मग ये."

जनूने मान हलवली. त्याला मात्र जयदेवने काही विचारले नाही. पैलवान कशाला भिणार!

वैशाखातली ती सांजवेळ आली. अंगण गच्च भरले. प्रल्हाद झाली होती जनूचीच लेक, चिमी. "सांग, आहे का तुझा देव या खांबात?" हिरण्यकशिपू गरजला, त्याने लाथ मारली, आणि शांतता पसरली. वाऱ्याने समईची ज्योत हलली, तेवढीच. आणि मग आतून आवाज आला, पुठ्ठ्यावर नखे ओरबाडल्याचा!

हे जयदेवने ठरवले नव्हते.

खांब शिवणीवर उघडला नाही, मधोमध फाटला! मुखवटा कलंडलेला, छाती भात्यासारखी चाललेली, आणि कंठातून असा आर्त हंबरडा, की सारे अंगण मागे सरकले. विष्णुपंत खुर्चीमागे! बायांनी लेकरे पोटाशी धरली. कोणी हसले नाही. पण जयदेवने ओळखले, हे सोंग नव्हते; जनू खरोखर भ्यालेला होता.

पुराण सांगते, त्या उग्र रूपाजवळ जायला देव धजेनात, प्रत्यक्ष लक्ष्मी धजेना. गेले ते एक लेकरू. तसेच इथेही झाले! चिमी पुढे आली, तिने बापाच्या छातीवर हात ठेवला. "बाबा, सगला उघरा हाय. वर बग ना, आभाल."

जनूने वर पाहिले. श्वास उतरला. तो मटकन खाली बसला आणि त्याने तिला मांडीवर घेतले. अंगणाने हात जोडले.

"लहानपनी भाताच्या कनगीत लपलो," मागाहून घाम पुसत जनू म्हणाला, "वरशी झाकन बसला. तवापासून कोंडल्या जागंची..."

"मग आधी बोलला का नाहीस रे?"

"गेल्या साली ढोल वाजला का लगेच भाईर. आनि तू सगल्या गावाला इचारलास. मना कवा इचारलास?"

जयदेवने त्याचे पाय धरले. तेवढ्यात विष्णुपंत आले. "व्हिडिओ रद्द! पुढच्या वर्षी हेच, जसंच्या तसं!"

"जसंच्या तसं नाही, साहेब. खांब मागून उघडा ठेवणार."

"अरे, मग भीती कुठून आणशील?"

"आणीन," जयदेव म्हणाला, "पण जनूकडून नाही."

पुढल्या वैशाखात जनू मोकळ्या वाऱ्यात खांबाआड बसला होता, आणि शेजारी उकिडवा बसून जयदेव स्वतःच्या नखांनी पुठ्ठा ओरबाडत होता. अंगण पुन्हा मागे सरकले. एक चिमी तेवढी पुढे झाली.