लग्नाचा स्वयंपाक पाड्याबाहेर झाला त्याची गोष्ट

मागच्या महिन्यात धाकट्या बहिणीचं लग्न झालं. मांडव घरापुढे होता, पण जेवण शिजलं पार हायवेजवळच्या एका पडीक शेतात... पाहुणे अजून विचारतात, म्हणून सांगतो.

नवापूरजवळ आमचा पाडा. प्रत्येक घराची काजूची थोडीफार झाडं आहेत, आणि उन्हाळ्यात घर त्यांच्यावरच चालतं.

काजूचं खोड आतून पोखरणारी कीड आमच्याकडे अजून आलेली नाही. शेजारच्या सुमनकाकीच्या माहेरी मात्र ती आली आणि सगळी बाग तोडावी लागली. तेव्हापासून तिने पाड्याला एक नियम घालून दिलाय... बाहेरचं काजूचं रोप किंवा लाकूड पाड्यात आणायचं नाही. सगळ्यांनी तो मान्य केला होता, मीही.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी माझा मेहुणा दिलीप गुजरातेतून टेम्पो घेऊन आला. स्वयंपाकाला लाकूड म्हणून त्याने जुन्या काजूचे बुंधे भरून आणले होते, स्वतःच्या खर्चाने, प्रेमाने. काकीने टेम्पो पाड्याच्या वळणावरच थांबवला.

दिलीपचा चेहरा उतरला. "दाजी, लग्नघरात आणलेलं सामान रस्त्यावर अडवतात का?" माझी बायको रडवेली झाली. भाऊ परत फिरला असता तर दोन्ही घरांत कायमचं बिनसलं असतं.

काकी शांतपणे आमच्या पाड्याच्या कोकणी बोलीत म्हणाली, "परत नको पाठवू रे त्याला. लाकूड परत गेलं तर वाटेत आणखी कुणाच्या बागेपाशी उतरेल. पाहुण्याने प्रेमाने आणलंय ना, मग याच लाकडावर जेवण करू. फक्त चुली हायवेजवळच्या पडीक शेतात नेऊ, झाडांपासून लांब."

आमचे आचारी सलीमभाई नवापूरचे. ते म्हणाले, "चूल कुठंही पेटवू. पाणी जवळ द्या आणि भांडी उचलायला माणसं द्या. रिश्तेदार नाराज नको व्हायला."

मग काय... अख्खा पाडा पातेली, पिंप, तांदळाची पोती घेऊन रस्त्याला लागला. शेतात पोचल्यावर दिलीपने कुऱ्हाड घेतली आणि एक बुंधा फोडला.

आत भुस्सा भरला होता. त्यात बोटाएवढी जाड, पांढरी अळी वळवळत होती... दुसऱ्या बुंध्यातही तेच. मग दिलीप काकीजवळ जाऊन हळूच म्हणाला, "काकी, आमच्याकडे पण बागा आहेत. एकदा याल का?"

"लग्न होऊ दे, येते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वरण-भात, भाजी ट्रॅक्टरमधून मांडवात आलं, गरमागरम. संध्याकाळी काकीने उरलेला एकेक ढलपा, साल, झाडून काढलेला भुस्सा स्वतः उभं राहून जाळून घेतला. दिलीप तिच्या शेजारी उभा होता, हातात फावडं घेऊन.

लग्नात आहेर देणाऱ्यांची नावं आम्ही माइकवर वाचली. काकीचं नाव वाचायचं राहून गेलं... या वर्षीही आमच्या झाडांना मोहोर आलाय, काकी. तुझे आभार इथे सगळ्यांसमोर मानतो.